क्षमेचा अधिकार कोठवर?

"अमक्याचा दयेचा अर्ज राष्ट्रपतींनीं फेटाळला," अशी दोन ओळींची बातमी वर्तमानपत्रांत आली म्हणजे गिरगांवांतील चाळींच्या गॅलऱ्यांतून आणि दादरच्या घराघरांतून सकाळच्या चहाबरोबर तिची चर्चा होते; आणि चर्चा करणारांपैकीं बहुतेकांच्या डोळ्यांपुढें जें चित्र उभें राहतें तें जुन्या कथांतल्या राजाचें असतें. राजा प्रसन्न झाला, त्यानें हात वर केला, आणि सुळाकडे चाललेला मनुष्य घरीं परतला! हें चित्र मनोरम खरें, पण तें आपल्या राज्यघटनेंतलें नव्हे. किंबहुना तें आपल्या जुन्या धर्मशास्त्रांतलेंही नव्हे. मनूनें आठव्या अध्यायांत स्पष्टच सांगितलें आहे कीं, राजानें चोरास दंड केला काय किंवा सोडून दिलें काय, चोर आपल्या पापांतून मोकळा होतो. मात्र दंड करावयाचा सोडून दिल्यास त्या चोराचें पाप राजाच्या माथीं बसतें. म्हणजे क्षमा ही फुकट वाटावयाची वस्तु नव्हे. तिची किंमत कोणास तरी द्यावी लागते, आणि ती क्षमा करणारानेंच द्यावी असा त्या वचनाचा रोख आहे. आपल्या इतिहासांत रामशास्त्री प्रभुणे यांची जी कथा परंपरेनें चालत आली आहे तिचें मर्मही हेंच. १७७३ सालीं नारायणराव पेशव्यांचा वध झाल्यावर राघोबादादांनीं प्रायश्चित्त विचारलें, आणि शास्त्रीबुवांनीं देहान्ताखेरीज दुसरें प्रायश्चित्त सांगण्याचें नाकारलें. तेथें अपराधी आणि क्षमेचा धनी हे दोघेही एकच असल्यामुळें प्रश्न फारच उघडा झाला होता. एरवीं तो इतका उघडा दिसत नाहीं, एवढेंच.

आपल्या घटनेंत हा अधिकार दोन ठिकाणीं ठेवलेला आहे: ७२ व्या अनुच्छेदानें राष्ट्रपतीकडे, आणि १६१ व्या अनुच्छेदानें राज्यपालाकडे. केंद्राच्या कायद्याखालचे अपराध, लष्करी न्यायालयानें दिलेली शिक्षा, आणि कोणत्याही कायद्याखालीं झालेली देहान्ताची शिक्षा, एवढ्या गोष्टी राष्ट्रपतीच्या कक्षेंत येतात. राज्याच्या अधिकारांतील विषयांसंबंधींचे अपराध राज्यपालाच्या कक्षेंत येतात. फांशीच्या शिक्षेपुरता मात्र राज्याचाही हात मोकळा ठेवलेला आहे. आणि १९४८ च्या डिसेंबरांत घटनासमितीपुढें ही वांटणी समजावून सांगणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे परळच्या चाळींत वाढलेले आणि दादरच्या हिंदु कॉलनींत 'राजगृह' बांधून राहिलेले, म्हणजे आपल्या याच वस्तींतले गृहस्थ होते. इंग्रजी अमदानींत गव्हर्नर-जनरल आणि प्रांतिक सरकार या दोघांसही हा अधिकार असे. तोच सांधा नव्या घटनेंत राखलेला आहे, असें त्यांच्या विवेचनाचें तात्पर्य.

'माफी' या एकाच शब्दाखालीं आपण ज्या निरनिराळ्या गोष्टी कोंबतों त्या एकदां वेगळ्या करून पाहिल्या पाहिजेत, कारण पुढील सर्व वाद त्यांच्या घोटाळ्यांतूनच उत्पन्न झालेला आहे. पूर्ण क्षमा दिली म्हणजे शिक्षा तर जातेच, पण दोषी ठरल्यामुळें अंगास चिकटलेली अपात्रताही जाते. शिक्षा सौम्य करणें म्हणजे तिची जातच बदलणें. फांशीची जन्मठेप करणें हें त्याचें नेहमींचें उदाहरण. सूट देणें म्हणजे जात तीच, पण मुदत कमी. तहकुबी म्हणजे कांहीं काळ शिक्षेची अंमलबजावणी थांबविणें. आणि अपराधी स्त्री गर्भवती असणें यासारख्या विशेष कारणास्तव हलकी शिक्षा देणें हा आणखी एक प्रकार. यांपैकीं कोणतीही गोष्ट मनुष्य न्यायालयांत दोषी ठरल्यावांचून करतां येत नाहीं, कारण घटनेचे शब्दच तसे आहेत. अमेरिकेंत असें नाहीं. तेथें १९७४ च्या सप्टेंबरांत अध्यक्ष फोर्ड यांनीं आपले पूर्वाधिकारी निक्सन यांस, त्यांच्यावर खटला उभा राहण्यापूर्वींच, अध्यक्षपदाच्या काळांत केलेल्या व केलेल्या असूं शकणाऱ्या सर्व अपराधांबद्दल क्षमा करून टाकली. आणि २०२४ च्या डिसेंबरांत अध्यक्ष बायडन यांनीं प्रत्यक्ष आपल्या पुत्रास क्षमा केली. आपल्याकडे हें दुसरें कृत्य ज्या कारणानें अशक्यप्राय ठरावें तें कारण पुढें येईलच.

मुंबईच्या हायकोर्टाचा या विषयाशीं संबंध घटनेहून पुष्कळ जुना आहे. १८९७ च्या सप्टेंबरांत लोकमान्य टिळकांवर याच कोर्टांत राजद्रोहाचा पहिला खटला चालला. नऊ ज्यूरर्सपैकीं सहा युरोपियनांनीं दोषी व तिघां हिंदी गृहस्थांनीं निर्दोषी असा कौल दिला, आणि न्या. स्ट्रॅची यांनीं अठरा महिन्यांची सक्तमजुरी ठोठावली. त्यानंतर मॅक्समुल्लर, सर विल्यम हंटर, दादाभाई नौरोजी, रमेशचंद्र दत्त यांच्या सह्यांचा अर्ज विलायतेंत गेला, आणि सुमारें सहा महिन्यांची शिक्षा उरली असतां १८९८ च्या सप्टेंबरांत टिळकांची सुटका झाली. ती सुटका अटींवर होती. स्वागताच्या मिरवणुकींत भाग घ्यावयाचा नाहीं, आणि पुन्हा अशा अपराधांत दोषी ठरल्यास उरलेली मुदत भोगावयाची, या त्यांतील मुख्य गोष्टी. सरकारनें दयाही केली आणि दयेची दोरीही हातांत ठेविली! दया करणाराची मर्जी म्हणजे काय, हें त्या अटींवरून जितकें कळतें तितकें कायद्याच्या पुस्तकांवरून कळत नाहीं. १९०८ सालीं त्याच हायकोर्टांत सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा झाली तेव्हां परळ-लालबागच्या गिरण्यांतील कामगारांनीं सहा दिवस काम बंद ठेवून आपला निकाल दिला. पण तो भाग वेगळा.

स्वतंत्र हिंदुस्थानांत हा अधिकार कोठवर पोंचतो याची पहिली मोठी परीक्षाही मुंबईंतच व्हावयाची होती.

कमांडर कावस माणेकशा नानावटी हे 'मैसूर' या युद्धनौकेवरील दुसऱ्या क्रमांकाचे अधिकारी. १९५९ च्या एप्रिल महिन्याच्या २७ तारखेस त्यांच्या इंग्रज पत्नीनें प्रेम आहुजा नांवाच्या व्यापाऱ्याशीं आपला संबंध असल्याचें त्यांजपाशीं कबूल केलें. नानावटींनीं पत्नीस व मुलांस मेट्रो सिनेमापाशीं सोडलें, नौकेवर जाऊन खोटें निमित्त सांगून रिव्हॉल्व्हर व सहा काडतुसें मिळविलीं, आहुजा कचेरींत नाहींत असें पाहून ते नेपियन सी रोडच्या बाजूस सेटलवाड लेनमधील त्यांच्या घरीं गेले, आणि तेथें तीन गोळ्या सुटून आहुजा मरण पावले. नंतर नानावटी स्वतः होऊन पोलिसांच्या स्वाधीन झाले. हा सर्व वृत्तान्त आमच्या वाचकांस चित्रपटांवरून व कादंबऱ्यांवरून ठाऊक आहे, म्हणून त्यांत अधिक रेंगाळण्याचें कारण नाहीं. 'ब्लिट्झ' साप्ताहिकानें नानावटींचा कैवार घेतला, पंचवीस पैशांचा अंक दोन रुपयांस खपूं लागला, रस्त्यावरचे विक्रेते नानावटींच्या नांवाचीं खेळण्यांतलीं पिस्तुलें विकूं लागले, आणि सेशन्स कोर्टाबाहेर जमणाऱ्या गर्दींत स्त्रियांचा भरणा मोठा असे. ज्यूरीनें आठ विरुद्ध एक अशा मतानें त्यांस निर्दोषी ठरविलें. (या खटल्यामुळें ज्यूरीची पद्धति बंद झाली असें म्हणण्याचा प्रघात आहे. तें अर्धेंच खरें. ती पद्धति आधींच उतरणीस लागली होती, आणि १९७३ च्या फौजदारी संहितेंत तिला कायमची रजा मिळाली.) न्यायाधीश मेहता यांस हा कौल समंजस मनुष्याच्या बुद्धीस न पटणारा वाटला, आणि त्यांनीं प्रकरण हायकोर्टाकडे पाठविलें. तेथें सरकारची बाजू त्या वेळचे सरकारी वकील यशवंतराव चंद्रचूड यांनीं मांडली. न्या. शेलत व न्या. नाईक यांनीं १९६० च्या मार्च महिन्याच्या ११ तारखेस नानावटींस खुनाबद्दल दोषी ठरवून जन्मठेपेची शिक्षा सांगितली.

आणि त्याच दिवशीं, होय, त्याच दिवशीं, मुंबई राज्याचे राज्यपाल श्रीप्रकाश यांनीं १६१ व्या अनुच्छेदान्वयें एक आज्ञा काढली. नानावटी सर्वोच्च न्यायालयांत अपील करणार आहेत. त्या अपिलाचा निकाल लागेपर्यंत त्यांची शिक्षा स्थगित असावी, आणि तोंवर त्यांस नौदलाच्या ताब्यांत 'कुंजाली' येथें ठेवावें, असा तिचा आशय. सेशन्स कोर्टानें अटकेचें वॉरंट काढलें, पण तें राज्यपालांच्या आज्ञेमुळें न बजावतां परत आलें. हायकोर्टाच्या हुकमाचा कागद आणि राज्यपालांच्या सहीचा कागद हे समोरासमोर उभे राहिले, आणि पोलिसांनीं दुसऱ्यास मान दिला. नौदलप्रमुखांच्या विनंतीवरून आपण या गोष्टीस अनुकूल सल्ला दिला होता हें पंतप्रधान पंडित नेहरूंनीं स्वतः कबूल केलें. आणि राज्यांत त्या वेळीं यशवंतराव चव्हाण यांचें मंत्रिमंडळ होतें. म्हणजे आज्ञेवर सही एकाची असली तरी तिच्यामागें हात पुष्कळांचे होते.

एखाद्या वाचकास वाटेल, यांत बिघडलें काय? फांशी माफ केली नाहीं, जन्मठेप रद्द केली नाहीं. कांहीं महिने तुरुंगाऐवजीं नौदलाची कोठडी, एवढेंच. आम्हांस मात्र या सबंध प्रकरणांतला सर्वांत आक्षेपार्ह कागद हाच वाटतो. चार वर्षांनंतरची पूर्ण क्षमाही तितकी आक्षेपार्ह वाटत नाहीं. त्याचें कारण सर्वोच्च न्यायालयाच्या एका रूक्ष नियमांत आहे. ज्यास शिक्षा झाली आहे अशा मनुष्यानें अपिलाची परवानगी मागावयाची असल्यास आधीं शिक्षेस शरण जावें, म्हणजे तुरुंगांत दाखल व्हावें, असा तो नियम होता. लालबागच्या एखाद्या गिरणी कामगारास हायकोर्टांत जन्मठेप झाली असती तर त्यास प्रथम आर्थर रोडच्या तुरुंगाचा दरवाजा ओलांडावा लागला असता, आणि मग त्याच्या अर्जाचा विचार झाला असता. त्याच्यासाठीं राज्यपालांनीं संध्याकाळच्या आंत आज्ञा काढली असती काय? या प्रश्नाचें उत्तर देण्यासाठीं कायदा शिकावा लागत नाहीं.

हायकोर्टाच्या पांच न्यायाधीशांच्या खास पीठानें, मुख्य न्यायाधीश चैनानी यांच्या अध्यक्षतेखालीं, राज्यपालांची आज्ञा घटनेच्या शब्दांत बसते असा निर्णय दिला. मग नानावटींचा परवानगीचा अर्ज दिल्लीस गेला आणि तेथें शरणागतीच्या नियमाचा प्रश्न पुढें आला. मध्यंतरीं १ मे १९६० रोजीं द्विभाषिक राज्य जाऊन महाराष्ट्र राज्य झालें होतें. मुंबईची सारी हवा त्या आनंदानें भरलेली असतां हा वाद पांच न्यायाधीशांपुढें चालला. ५ सप्टेंबर १९६० रोजीं निकाल लागला. सरन्यायाधीश सिन्हा, आपल्या साताऱ्याचे व मुंबई हायकोर्टांतून दिल्लीस गेलेले न्या. गजेंद्रगडकर, न्या. सुब्बा राव आणि न्या. वांच्छू हे एका बाजूस, न्या. कपूर एकटे दुसऱ्या बाजूस.

बहुमताची विचारसरणी थोडक्यांत अशी. घटनेनें राज्यपालास क्षमेचा अधिकार दिला हें खरें. पण त्याच घटनेनें १४२ व्या अनुच्छेदानें सर्वोच्च न्यायालयास आपल्यापुढील प्रकरणांत पूर्ण न्याय करण्याचा अधिकार दिला आहे. प्रकरण न्यायालयापुढें आल्यावर आरोपीनें तोंवर कोठें राहावें, जामिनावर कीं तुरुंगांत, हें ठरविणें त्या न्यायाचाच भाग होय. त्याच वेळीं त्याच गोष्टीवर राज्यपालही हुकूम काढूं लागले तर दोन अधिकारांची टक्कर होणार. म्हणून घटनेचा सुसंगत अर्थ लावावयाचा तर पूर्ण क्षमा राज्यपाल केव्हांही करूं शकतात, प्रकरण न्यायालयापुढें चालू असतांही करूं शकतात. पण प्रकरण न्यायप्रविष्ट असतां शिक्षा नुसती स्थगित करण्याचा अधिकार त्या काळापुरता न्यायालयाचाच राहतो.

या निकालांत एक विचित्रपणा आहे, आणि तो लपविण्यांत अर्थ नाहीं. ज्यास सबंध वाडा दान करतां येतो त्यास त्यांतली एक खोली चार महिने वापरावयास देतां येत नाहीं, असें हें झालें! न्या. कपूर यांचें मतभेदाचें टांचण याच ठिकाणीं बोट ठेवतें: १६१ व्या अनुच्छेदाच्या शब्दांत अशी कालमर्यादा कोठें आहे? तर्कशास्त्राच्या दृष्टीनें त्यांचा मुद्दा बलवान आहे. तरीही आमचा कौल बहुमताकडेच आहे. पूर्ण क्षमा करणारास उघड्यावर उभें राहून "मीं क्षमा केली" असें म्हणावें लागतें. मनूनें सांगितलेलें तें पाप माथीं घ्यावें लागतें. स्थगितीची आज्ञा काढणारा असें कांहींच म्हणत नाहीं. तो न्यायालयाचें काम अर्ध्यावर आपल्या हातांत घेतो आणि पुन्हा "मीं न्यायांत ढवळाढवळ केली नाहीं" असेंही म्हणण्यास मोकळा राहतो.

निकालानंतर नानावटींस नौदलाचा आसरा सोडून मुलकी तुरुंगांत जावें लागलें. मग अपील चाललें, आणि २४ नोव्हेंबर १९६१ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तें फेटाळलें. पत्नीच्या कबुलीनंतर दुपारीं दीडच्या सुमारास घर सोडलेल्या मनुष्यानें चार वाजून वीस मिनिटांनीं गोळी झाडली. मधल्या तीन तासांत मन थाऱ्यावर येण्यास पुरेसा अवकाश होता, म्हणून हा एकाएकीं भडकलेल्या क्रोधाचा प्रकार नव्हे, असें न्यायालयानें ठरविलें. जन्मठेप कायम झाली.

तीन वर्षेंही पुरीं झालीं नाहींत तोंच, १९६४ सालीं, राज्यपाल श्रीमती विजयालक्ष्मी पंडित यांनीं नानावटींस क्षमा केली. या क्षमेमागची हकीकत खटल्यांत आहुजांच्या बाजूनें लक्ष घालणारे वकील राम जेठमलानी यांनीं पुढें सांगितली आहे. ती अशी कीं, भाई प्रताप नांवाचे सिंधी व्यापारी, गांधीधामच्या वसाहतीचे संस्थापक व स्वातंत्र्याच्या चळवळींत वावरलेले गृहस्थ, आयातीच्या परवान्यांच्या प्रकरणांत शिक्षा भोगीत होते. एका सिंध्याचा खून करणाऱ्या नौदल अधिकाऱ्यास सोडलें तर सिंधी समाज चिडेल, आणि नुसत्या भाई प्रतापांस सोडलें तर दुसरी बाजू कुरकुरेल. तेव्हां दोघांसही एकदम सोडावें, आणि मृताच्या बहिणीची लेखी संमति घ्यावी. बहिणीनें ती दिली. जेठमलानींच्या या हकिकतीवर विश्वास ठेवला तर असें म्हणावें लागतें कीं, तागडीच्या दोन पारड्यांत दोन कैदी घालून क्षमेचा सौदा झाला. पण त्याच हकिकतींत एक गोष्ट अशी आहे कीं जी आम्हांस विसरतां येत नाहीं. घटनेंत मृताच्या आप्तांस विचारण्याची कोठेंच तरतूद नाहीं. तरीही कोणास तरी वाटलें कीं क्षमा करण्याचा पहिला हक्क त्या बहिणीचा आहे, आणि कोणी तरी तिच्या दारीं गेलें. नानावटी १९६८ सालीं कुटुंबासह कॅनडास निघून गेले, आणि २००३ सालीं तेथेंच वारले.

आतां या क्षमेशेजारीं दुसरें एक माप ठेवून पाहावें. १९७८ सालीं फौजदारी संहितेंत एक नवें कलम घालण्यांत आलें: ज्या अपराधास फांशीही होऊं शकते अशा अपराधाबद्दल जन्मठेप झालेल्या कैद्यास प्रत्यक्ष चौदा वर्षें तुरुंगांत काढल्याखेरीज सोडूं नये. या कलमाविरुद्ध देशांतल्या अनेक कैद्यांनीं सर्वोच्च न्यायालयांत दाद मागितली, आणि १९८० च्या नोव्हेंबरांत पांच न्यायाधीशांनीं तें कलम उचलून धरलें. त्या पीठाचे प्रमुख होते सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड, नानावटी खटल्यांत हायकोर्टापुढें सरकारतर्फे उभे राहिलेले तेच. चौदा वर्षांच्या कलमानें राष्ट्रपतीच्या व राज्यपालाच्या अधिकारास मात्र धक्का लागत नाहीं, असें त्याच निकालांत सांगितलें. कारण साध्या कायद्यानें घटनेंतला अधिकार कापतां येत नाहीं. म्हणजे चौदा वर्षांच्या भिंतींत एकच दार राहिलें, आणि त्याची किल्ली राजभवनांत.

पण किल्ली राजभवनांत असली तरी ती फिरविणारा हात कोणाचा? याचेंही उत्तर त्याच निकालांत आहे, आणि मागें बायडन यांच्या उदाहरणावेळीं ज्या कारणाचा उल्लेख केला होता तें हेंच. आपल्याकडे राष्ट्रपति अथवा राज्यपाल स्वतःच्या मर्जीनें क्षमा करीत नाहींत. त्यांस मंत्रिमंडळाच्या सल्ल्याप्रमाणें वागावें लागतें. मलबार हिलवरील राजभवनांत जाणारी फाईल आधीं मंत्रालयांतून तयार होऊन आलेली असते. राष्ट्रपतीस ती एकदां फेरविचारासाठीं परत पाठवितां येते. पुन्हा तोच सल्ला आला तर मानावा लागतो. राजीव गांधी खून प्रकरणांत तामिळनाडूच्या मंत्रिमंडळानें सुटकेचा सल्ला देऊनही राज्यपालांनीं तो वर्षानुवर्षें अडवून ठेवला, तेव्हां २०२२ च्या मे महिन्यांत सर्वोच्च न्यायालयानें कैद्यास आपणच मुक्त केलें. दयेचा अर्ज म्हणून आपण ज्यास म्हणतों तो वस्तुतः गृहखात्यास लिहिलेला असतो, एवढें लक्षांत ठेवलें म्हणजे वर्तमानपत्रांतल्या बातम्या निराळ्या वाचतां येतात.

मग मंत्र्यांच्या सल्ल्यावर पहारा कोणाचा? इंदिरा गांधींच्या खुनाच्या कटांत फांशी झालेल्या केहरसिंगाच्या अर्जाच्या निमित्तानें १९८८ च्या डिसेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, राष्ट्रपति पुरावा नव्यानें तपासून न्यायालयाहून वेगळ्या मतास येऊं शकतात. तसें केल्यानें न्यायालयाचा निकाल पुसला जात नाहीं, फक्त त्याचें फळ टळतें. कैद्यास राष्ट्रपतीपुढें उभें राहून तोंडीं बोलण्याचा हक्क मात्र नाहीं. केहरसिंगास पुढील महिन्यांत फांशी झाली. २००६ सालीं आंध्रांतील एका प्रकरणांत न्यायालयानें आणखी एक पाऊल टाकलें. तेथें खुनाच्या कैद्यास एका पक्षाचा चांगला कार्यकर्ता म्हणून सूट मिळाली होती. न्यायालयानें ती रद्द केली, आणि जात, धर्म किंवा पक्षनिष्ठा पाहून केलेली क्षमा ही क्षमाच नव्हे असें बजावलें. हा नियम १९६४ सालीं असता तर दोन पारड्यांचा तो सौदा टिकला असता कीं काय, यावर वकीलमंडळींनीं खुशाल वाद घालावा.

खरें दुखणें मात्र अलीकडे वेगळ्याच ठिकाणीं आढळून आलें आहे. तें उत्तराच्या विलंबांत आहे. अर्ज मंजूर नाहीं, नामंजूर नाहीं, आणि मनुष्य फांशीच्या कोठडींत बसलेला! २१ जानेवारी २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें पंधरा कैद्यांची फांशी जन्मठेपेंत बदलली. विनाकारण लांबलेला विलंब हा छळच होय, असें त्या निकालाचें म्हणणें. आणि अर्ज फेटाळल्याचें कळविल्यापासून फांशीपर्यंत चौदा दिवस गेलेच पाहिजेत असाही नियम त्यांत घातला. आपल्या महाराष्ट्रांत याचीं दोन उदाहरणें झालीं, आणि दोन्ही मुंबई हायकोर्टांत. लहान मुलांस पळवून त्यांतील कांहींचा जीव घेतल्याबद्दल कोल्हापूरच्या दोघी बहिणींची फांशी सर्वोच्च न्यायालयानें २००६ सालीं कायम केली होती. त्यांचा अर्ज राष्ट्रपतींनीं २०१४ सालीं फेटाळला, पण तोंवर दयेच्या अर्जांत सात वर्षांहून अधिक काळ गेला होता. म्हणून १८ जानेवारी २०२२ रोजीं हायकोर्टानें त्यांची फांशी रद्द करून जन्मठेप दिली. पुण्याच्या प्रकरणांत तर विलंब अर्ज फेटाळल्यानंतरचा होता. रात्रपाळीस निघालेल्या एका तरुणीवर अत्याचार करून तिचा खून करणाऱ्या दोघांचा अर्ज राष्ट्रपतींनीं २०१७ सालीं फेटाळला. फांशीचें वॉरंट निघावयास २०१९ चा एप्रिल उजाडला! त्या जुलैंत हायकोर्टानें फांशीऐवजीं पस्तीस वर्षांची कैद ठरविली, आणि २०२४ च्या डिसेंबरांत सर्वोच्च न्यायालयानेंही तेंच कायम केलें.

या दोन्ही निकालांवर आमच्या परिचयांतील कित्येक भगिनी संतापल्या, आणि त्यांचा संताप आम्हांस समजतो. त्या चिमुकल्यांच्या आयांनीं काय करावें? न्यायाधीशांनीं अपराधाचें घोरपण कोठेंही कमी लेखलेलें नाहीं. दोष कचेऱ्यांच्या आळसावर ठेविला आहे. पण आळस कारकुनाचा, आणि त्याचा लाभ खुन्यास, ही गोष्ट त्या आईस कोणत्या शब्दांत समजावून सांगावी? सरकारची इच्छा असली म्हणजे हीच यंत्रणा किती वेगानें धांवते हेंही आपण पाहिलें आहे. मुंबईवरील हल्ल्यांतील कसाबचा अर्ज ५ नोव्हेंबर २०१२ रोजीं फेटाळला गेला, आणि २१ तारखेस येरवड्यास त्यास फांशी झाली. १९९३ च्या बाँबस्फोटांच्या खटल्यांतील याकूब मेमनचा अखेरचा अर्ज २०१५ च्या जुलै महिन्याच्या २९ तारखेच्या रात्रीं फेटाळला, सर्वोच्च न्यायालयानें पहांटेपर्यंत बसून त्याचें म्हणणें ऐकलें, आणि सकाळीं नागपुरास फांशी झाली.

१ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी संहितेच्या जागीं नवी नागरिक सुरक्षा संहिता आली आहे, आणि तिच्या ४७२ व्या कलमांत दयेच्या अर्जाची रीत प्रथमच कायद्यांत लिहिली गेली आहे. तुरुंगाधिकाऱ्यानें कळविल्यापासून तीस दिवसांत कैद्यानें किंवा त्याच्या आप्तानें अर्ज करावा. राज्यपालांनीं नाकारल्यास साठ दिवसांत राष्ट्रपतीकडे जावें. राज्याचा अभिप्राय व कागद हातीं आल्यावर केंद्र सरकारनें साठ दिवसांत आपली शिफारस करावी, आणि राष्ट्रपतीचा निर्णय अठ्ठेचाळीस तासांत खालीं कळवावा. त्याच कलमाच्या शेवटीं असेंही लिहिलें आहे कीं, या निर्णयावर अपील नाहीं, आणि तो कसा झाला याची चौकशी कोणत्याही न्यायालयांत होणार नाहीं. साध्या कायद्यानें घटनेंतला अधिकार कापतां येत नाहीं असें १९८० सालीं चंद्रचूडांच्या पीठानें सांगितलें होतें. तेंच सूत्र न्यायालयाच्या तपासणीच्या अधिकारासही लागू पडावें असें आमचें मत आहे, आणि तसें झाल्यास २००६ चा नियम जिवंत राहील. कैद्याचे दिवस, गृहखात्याचे दिवस, निरोप्याचे तास, सर्व या कलमांत मोजून दिले आहेत. राष्ट्रपतीच्या मेजावर अर्ज किती दिवस राहावा, एवढी एकच मुदत त्यांत लिहिलेली नाहीं.